डाव्या हाताची गाडी

आमची जुनी स्कूटर सकाळी सरळ उभी असताना कधी सुरू झाली नाही. तिला आधी आडवी करावी लागायची. बाबा पेट्रोलचा कॉक उघडायचे, चोक ओढायचे, आणि एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची सीट धरून तिला आपल्याकडे एवढी कलती करायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता ही यांच्या अंगावर पडते. थोडा वेळ तशीच धरायची, मग उभी करून किक मारायची. कधी दुसऱ्या किकला तर कधी घाम निघाल्यावर ती खोकायची, निळसर धूर सोडायची आणि सगळं आवार जळक्या तेलाच्या वासाने भरून जायचं.

"झोपलेल्याले उठवाचं तं आधी कुशीवर घ्या लागते," बाबा म्हणायचे.

नव्याण्णव साली ती घरी आली तेव्हा मी दहावीत होते. अर्जुनी मोरगावच्या एका निवृत्त मास्तरांकडून बाबांनी ती घेतली होती. रंग फिकट आकाशी, मागे स्टेपनी, डाव्या मुठीत क्लच आणि तीच मूठ पिरगाळून बदलायचे गिअर. गावात तेव्हा ज्याला त्याला मोटरसायकल हवी होती. शेजारचे काका बाबांना म्हणाले, "म्हाताऱ्याची गाडी कायले आणली? सारे मोटरसायकल घेऊन राहिले."

बाबा म्हणाले, "अन् पोतं तुह्या डोक्यावर ठेवू?"

बाबांचा धंदा मिरचीचा. आमच्या केशोरीची लाल मिरची आसपासच्या बाजारांत नाव घेऊन मागतात. बाबा ती शेतकऱ्यांकडून घ्यायचे आणि आठवडी बाजारांत नेऊन विकायचे. स्कूटरला पाय ठेवायला सपाट जागा असते, तिथे एक पोतं उभं राहायचं, दुसरं मागच्या सीटवर बांधलं जायचं. बाबा दोन पोत्यांच्या मध्ये बसून निघाले की लांबून वाटायचं, पोतीच गाडी चालवत आहेत. सीटच्या शिवणीत, डिक्कीत, ब्रेकच्या पेडलखाली, सगळीकडे मिरचीची पूड असायची. पुढे मी अर्जुनीच्या कॉलेजात जायला लागले. सकाळची बस चुकली की बाबा मला सोडायचे, आणि कॉलेजच्या फाटकात उतरल्यावर मी सलग शिंकायचे. मैत्रिणी म्हणायच्या, "आली, मिरची आली." मला तेव्हा लाज वाटायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं, आणि मला त्या फाटकापर्यंत आणणारी हीच गाडी होती, हे त्या वयात एवढं लख्ख दिसत नव्हतं.

गाडी शिकवली तीही बाबांनीच, बाजार नसलेल्या दिवशी, बाजाराच्या पटांगणात. मुलीला गिअरची स्कूटर शिकवणारा बाप म्हणून लोक ओट्यांवर बसून बघायचे. इंजिनाच्या आवाजात बाबांचं बोलणं मला ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. ते मागे बसायचे आणि डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवायचे. खांदा दाबला की क्लच दाबायचा, बोटं सैल झाली की क्लच हळूहळू सोडायचा. मी घाई केली की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि ओट्यांवरचे लोक हसायचे. पुढे मला चांगली चालवता यायला लागली, तरी बाबा मागे असले की त्यांचा हात खांद्यावर असायचाच, आणि ब्रेकर आला, वळण आलं की तो दाबायचा. मी चिडायचे. "बाबा, मले समजते ना."

"तुले समजते. हाताले कुठं माहीत आहे?" ते म्हणायचे.

मी बी.ए. झाले त्या दिवशी त्यांनी मला मागे बसवून बाजारातून गाडी नेली. एरवी बाबा बाजारात कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी दर दुकानापाशी पाय टेकवून थांबत होते. "बी.ए. झाली. आमची." एवढंच सांगायचे आणि पुढच्या दुकानाकडे. नंतर बी.एड. केलं, जवळच्या गावात शाळेत लागले. मी शाळेत सायकलने जायचे. गाडी बाबांची होती, मिरचीची होती.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या आधीचा अर्जुनीचा बाजार होता. बाबा गेल्या हंगामातली उरलेली मिरची घेऊन निघाले. गोठणगावच्या पुढे त्यांना वाटलं, क्लच जड लागतो आहे. थोड्या वेळाने तो दबेचना. असं झालं की त्यांच्यासारखा माणूस एकच गोष्ट समजतो: वायर गेली. डिक्कीत जास्तीची वायर कायम असायची. त्यांनी रस्त्याच्या कडेला पोती उतरवली, जुनी वायर काढली आणि नवी घालायला बसले. एरवी हे काम चहा निवेपर्यंत व्हायचं. त्या दिवशी त्यांना वायरचं टोक भोकात घालता येईना. बोटं सारखी घसरत होती. त्यांना वाटलं, ग्रीस लागलं आहे. माती घेऊन त्यांनी हात चोळला. कशीबशी वायर बसवली, पोती पुन्हा चढवली, तरी क्लच दबेना. मग क्लचशिवायच, इंजिनाला ओरडायला लावत, ते पहिल्या गिअरमध्ये अर्जुनीच्या मिस्त्रीकडे पोचले.

मिस्त्री गोंदियाकडचा, हिंदी बोलणारा. त्याने दोन बोटांनी क्लच दाबला आणि हसला. "काका, वायर तो नयी है. मक्खन चल रही है. क्या हुआ?"

बाबांनी पुन्हा मुठीवर हात ठेवला. हात मुठीवरून खाली घसरला आणि मांडीवर पडला. "दाबून राहिलो ना मी," ते म्हणाले, आणि हे शब्दही वाकडे निघाले. तेव्हा मिस्त्रीचं हसू गेलं.

लकवा. डावी बाजू. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली? मी मनात तो रस्ता मोजत होते: गोठणगावच्या पुढचं वळण, उतरवलेली पोती, वायर, माती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. फक्त कागदावर लिहीत होते. मला मात्र आजही वाटतं, ती वायर त्या दिवशी खरंच तुटली असती तर किती बरं झालं असतं.

पाय थोडा आला. काठी घेऊन, भिंत धरून बाबा संडासापर्यंत जायला लागले. बोलणं जड झालं पण समजायचं. हात मात्र आला नाही. तो खांद्याला टांगलेला असायचा. झोपताना माय तो उचलून पोटावर ठेवायची, उठताना खाली. डॉक्टरांनी एक स्पंजचा चेंडू दिला होता, दिवसभर दाबायला. बाबांनी तो पहिले काही दिवस समोर धरून बघितला, दात आवळले, मान थरथरेपर्यंत जोर लावला. चेंडू जसा होता तसा राहिला. मग एक दिवस त्यांनी तो उजव्या हाताने आवाराच्या पलीकडे फेकला.

"मेला तो," ते म्हणाले. "मेलेल्याले कायले दाबाले लावता?"

त्यानंतर ते बोलेनासे झाले. जेवणही कमी केलं. मायने घास पुढे केला की तोंड फिरवायचे. मिरचीचा नवा हंगाम आला, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच पोती आली नाहीत, कुणी शिंकलं नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाड्या गल्लीतून जायच्या, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. ते छताकडे बघत म्हणाले, "हात नाही तं बाजार नाही. बाजार नाही तं मी कायच्यासाठी राहू? तू सांग, तू शिकली आहे."

शिकलेली मी तेल लावत राहिले. मी त्या दिवसांत शाळेतून परतताना गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरायचे आणि आधी कान देऊन ऐकायचे. मायच्या रडण्याचा आवाज येतो का. नाही आला की मगच पुढे जायचे. वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड केलं की तोच विचार. मुलं काहीतरी विचारायची आणि मी विचारायचे, "काय म्हणालास?"

गोंदियाच्या एक फिजिओथेरपीच्या मॅडम आठवड्यातून एकदा अर्जुनीला यायच्या. तिथे जाणं हा एकच उपाय उरला होता. आम्ही दोनदा बसने गेलो. बसच्या पायऱ्या उंच. मी खालून ढकलायचे, माय वरून ओढायची. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, लवकर चढा, मागं लाईन लागून राहिली." बाबांचं वय आजोबा म्हणण्याचं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी बस दिसताच रस्त्यावर बैठक मारली आणि उठलेच नाहीत.

जुन्या स्कूटरवर नेऊन बघितलं. तिला आडवी करून किक मारेपर्यंत बाबांना धरायला कुणी हवं, आणि मागे बसवल्यावर त्यांचं वजन डावीकडे कलंडायचं. त्या जड गाडीला मी सावरू शकले नाही. आम्ही आवारातच पडलो. मग मी नवी गाडी घेतली. बिनगिअरची, हलकी, बटण दाबलं की सुरू. आवाज इतका कमी की माय म्हणाली, "चालू झाली का नाही, समजतच नाही व."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "हे काय गाडी आहे? मिक्सर आहे हा."

पण त्या मिक्सरवर ते बसले. मायने त्यांना शेल्याने माझ्या कंबरेला बांधलं, लहान मुलाला पाठीशी बांधतात तसं, आणि डावा हात उचलून माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. तो तिथे नुसता पडून राहिला. ओल्या टॉवेलसारखा. केशोरीपासून अर्जुनीपर्यंत, जंगलातून, गोठणगावातून, तिबेटी लोकांच्या वसाहतीच्या रस्त्यावरून, तो हात घसरला की मी एका हाताने तो परत वर ओढून घ्यायचे. दर गुरुवारी हेच. मॅडम बोटं उघडायच्या, मिटायच्या, सुईने टोचून विचारायच्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "करत राहा."

याच दिवसांत शेजारचे काका जुन्या स्कूटरचं विचारायला आले. त्यांच्या मेहुण्याला हवी होती. "भाऊ, लोखंड सडून राहिलं. देऊन टाका. कोणी तरी चालवंल."

मला वाटलं बाबा त्यांना हाकलतील. मी तर मनात म्हणत होते, हाकला, शिवी द्या, काहीही करा. बाबा म्हणाले, "घेऊन जा."

त्या दोन शब्दांनी मी जेवढी घाबरले तेवढी दवाखान्यातही घाबरले नव्हते. काकांना मी नाही म्हणून परत पाठवलं. ते "शिकलेल्या पोरींचं असंच असते" असं म्हणत गेले. मग मी बाबांना ओढतच आवारातल्या छपरीत नेलं, स्टँडवर उभ्या असलेल्या त्या गाडीवर बसवलं, त्यांचा डावा हात मुठीवर ठेवला आणि बोटं क्लचवर गुंडाळली. चेंडूने नाही झालं, पण याने होईल, या मुठीला तर तो हात ओळखतो, असं मला वाटलं होतं. "दाबा," मी म्हटलं. "बाबा, एकदा दाबा."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर वर आली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, आणि माय माझ्याकडे. काही झालं नाही. बोटं एकेक करून क्लचवरून सुटली. बाबांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि हुंदका दिला. मी बाबांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं. "मले कायले सतावून राहिली व बाई," ते म्हणाले. "काय केलं मी तुह्यं?"

मायने त्यांना उतरवलं. मी त्या स्कूटरच्या चाकापाशी बसून राहिले.

पुढच्या गुरुवारी मॅडमची शेवटची फेरी होती. त्यांची बदली होणार होती आणि त्यांच्या जागी कुणी येईल की नाही, ते ठरलं नव्हतं. आधीच्याच भेटीत त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चार महिने होत आले. हातात थोडीही हालचाल दिसली तर मी पुढचे व्यायाम आखून देते, गोंदियाला कुठे जायचं ते सांगते. नाही दिसली तर मग घरच्यांनी मनाची तयारी केलेली बरी. त्यांना उगाच त्रास देऊ नका." मी हे घरी कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी निघायला उशीर झाला, कारण बाबा उठायलाच तयार नव्हते. गाडीत पेट्रोल कमी होतं. आमच्या गावात पंप नव्हता, आम्ही अर्जुनीहून डबा भरून आणायचो. माय म्हणाली, "तू बाबाले तयार कर, मी टाकतो." तिने पेट्रोल टाकलं, बाबांना बांधलं, हात खांद्यावर ठेवला, आम्ही निघालो.

गाव सुटून जंगल लागलं तशी गाडी गचके खायला लागली. आरशात बघितलं तर मागे पांढरा धूर. इंजिन खोकलं, फडफडलं आणि ओढ्यावरच्या एका रपट्यापाशी बंद पडलं. मी बटण दाबलं. नुसतं कुरकुरलं. पुन्हा दाबलं. शेला सोडून बाबांना रपट्याच्या कठड्यावर बसवलं आणि किक मारत सुटले. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, सगळीकडे तो गोड वास, आणि त्यात हा धूर. मॅडम दुपारी निघून जाणार होत्या.

एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला. "काय बाई, नवी गाडी अन् आत्ताच बसली?" मग बाबांकडे बघून म्हणाला, "बाबाले ट्रॉलीत टाका, मी सोडून देतो गोठणगावले."

बाबा म्हणाले, "पोतं आहो का मी?"

ट्रॅक्टरवाला हसून निघून गेला. मी मात्र हसले नाही. मी रस्त्यावर बसले आणि लहान मुलीसारखी मोठमोठ्याने रडले. हात, बाजार, मॅडम, बाबांचं ते "घेऊन जा", सगळं एकदम बाहेर आलं. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "आजचा शेवटचा दिवस आहे बाबा, आज नाही झालं तर त्या सोडून देणार आहेत तुम्हाले," आणि म्हटल्यावर तोंडावर हात ठेवला.

बाबांनी नाक वर करून हवा हुंगली. मग म्हणाले, "वास घेऊन पाह्य."

"कशाचा?"

"धुराचा. तुह्या मायनं तेल टाकलं."

जुन्या स्कूटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागायचं. ते काम वर्षानुवर्षं मायचं होतं. डबा आला की ती स्टीलच्या छोट्या पेल्याने तेल मापून त्यात ओतायची, डबा हलवायची. नव्या गाडीचं तेल वेगळ्या जागी असतं, पेट्रोलमध्ये घालायचं नसतं, हे मी तिला सांगितलं होतं. पण डबा हातात आला आणि हाताने आपलं काम केलं. गाडी नवी आहे म्हणून पेलाही भरून घेतला असणार.

बाबांच्या तोंडाची उजवी बाजू हसली. डावी तशीच राहिली. "बुढीनं मिक्सरले तेल पाजलं," ते म्हणाले. "रडू नको. प्लग काढ. पूस. अन् आडवी करू नको, हे त्या जातीतली नाही."

गाडीच्या पान्याने मी प्लग काढला, बोट भाजलं. काळा, ओला झाला होता. ओढणीने पुसला, वाळवला, लावला. बऱ्याच किका मारल्यावर गाडी खोकली आणि सुरू झाली, पण नेहमीसारखी नाही. फटफटत, थरथरत, मागे निळसर पांढरा धूर सोडत. मी बाबांना चढवलं, शेला एकटीनेच कसाबसा गाठ मारून बांधला, हात उचलून खांद्यावर ठेवला आणि निघाले. सगळा रस्ता जुन्या स्कूटरच्या त्याच जळक्या तेलाच्या वासाने भरला होता.

गोठणगावच्या अलीकडे ब्रेकर आहे. मी वेग कमी केला. खांद्यावर काहीतरी झालं. मला वाटलं गचका बसला. पुढे वळण आलं. पुन्हा. चार बोटं पुढून, अंगठा मागून. जोर फारसा नाही, चिमणी बसावी एवढाच, पण दाबलं आणि वळण संपलं तशी बोटं सैल झाली. हळूहळू, मला क्लच सोडायला शिकवलं होतं तशीच.

मी मागे वळून बघितलं नाही. विचारलं, "बाबा, हात...?"

"काय हात?" ते म्हणाले. "समोर पाह्य."

त्यांना माहीत नव्हतं.

मॅडमनी बोटं उघडून त्यात आपलं बोट ठेवलं. "दाबा, काका." काही नाही. "पुन्हा." काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यातच सगळं आलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही बाहेर या. गाडीवर बघा." त्यांना वाटलं असेल, दुःखाने हिचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला गोंदियाची गाडी धरायची आहे." मी त्यांचा हात धरला. तोवर कुठल्याही मोठ्या माणसाचा हात मी असा धरला नव्हता. त्या आल्या.

मॅडम बसायच्या त्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेकर होता. मॅडम त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बाबांना बांधून गल्लीच्या टोकाशी गेले आणि धूर काढत परत आले. ब्रेकरजवळ वेग कमी केला. मॅडम वाकून खांद्याकडे बघत होत्या. गाडी पुढे गेली. मी थांबले.

"अजून एकदा," मॅडम म्हणाल्या.

अजून एकदा झालं. गल्लीतले लोक दारात आले. बाबा चिडले. "तमाशा लावला काय? एकाच जागी घिरट्या कायले मारून राहिली?" मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाल्या, "हुकूम पोचत नाहीये. पण सवय पोचते आहे. कुठून तरी वाट शिल्लक आहे. वचन देत नाही मी. पण आता सोडायचं नाही." आणि ओसरीवर बसून त्यांनी व्यायाम लिहून दिले.

हात पूर्ण आला नाही, हे इथेच सांगून टाकते. पुढची पाच-सहा वर्षं बाबा होते आणि त्या हाताने त्यांनी फार तर दुपट्टा धरला, दाराची कडी ओढली. जुनी गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही. बाजारात ते माझ्या मागे बसून, सुट्टीच्या दिवशी, एकच पोतं घेऊन जायचे आणि भाव स्वतः करायचे. कितीतरी आठवडे काहीच सुधारणा नसायची आणि तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. पण "घेऊन जा" असं ते पुन्हा कुणाला म्हणाले नाहीत.

त्या गुरुवारी परत निघण्याआधी मी त्याच मिस्त्रीकडे थांबले. त्याने धूर बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, टंकी खाली करो. इंजिन मारोगे क्या?"

"उद्या करते," मी म्हटलं.

"कल? पागल हो क्या? अभी दस मिनट का काम है."

"उद्या," मी म्हटलं, आणि निघाले.

गोठणगाव सुटलं. पुढे सरळ, रिकामा रस्ता होता, दोन्हीकडे कापणी झालेल्या भाताच्या बांध्या. गाडी फडफडत होती. मी थोडा वेग वाढवला. खांद्यावरची बोटं दाबली गेली आणि तशीच राहिली. सुटेनात. मी वाट बघत होते. मागून बाबा कानाशी ओरडले, जड जिभेने, पूर्वीसारखेच वैतागून:

"तिसरा टाक ना व! इंजिनले काऊन रडवून राहिली?"

त्या गाडीला गिअरच नव्हता.

"टाकला, बाबा," मी म्हटलं.

बोटं हळूहळू सैल झाली.